प्रवासात चिमण्या कशा पाहाव्यात आणि त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत

पक्षी पाहण्यासाठी घराबाहेर पडलेला माणूस सहसा चिमणीसाठी थांबत नाही. नव्या प्रदेशातील दुर्मीळ पक्ष्यांची यादी त्याने बरोबर आणलेली असते आणि स्थानकाच्या छपराखालून चिवचिवाट कानावर आला, तरी ‘चिमणीच आहे’ असे म्हणून तो पुढे निघतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. प्रवासात सर्वांत अपुरी पडणारी गोष्ट म्हणजे वेळ, आणि थोड्या वेळात भरपूर पाहू देणारा चिमणीसारखा दुसरा पक्षी मला माहीत नाही. घरचिमणी आपले जवळजवळ सारे आयुष्य काही किलोमीटरच्या परिसरात काढते. तिच्या खाण्याच्या, धुळीत लोळण्याच्या, झुडपात बसून कलकलाट करण्याच्या आणि रातथाऱ्याला, म्हणजे रात्री झोपण्याच्या जागी, जमण्याच्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात. त्यामुळे आज सकाळी एखाद्या भिंतीपाशी दिसलेला थवा उद्या सकाळीही तेथेच दिसण्याची शक्यता मोठी असते. पुढील सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे: मुक्कामाच्या जवळचा एक थवा निवडावा, त्याचे वेळापत्रक समजून घ्यावे आणि त्याच्यापाशी दोन-तीनदा जाऊन बसावे.

निघण्यापूर्वी: कोणती चिमणी भेटणार आहे?

‘चिमणी’ हा शब्द आपण एका पक्ष्यासाठी वापरत असलो, तरी पासर या वंशात दोन डझनांहून अधिक जाती आहेत. आपण जेथे जाणार आहोत तेथे त्यांपैकी कोणत्या आढळतात, हे घरी बसूनच पाहून ठेवावे. घरचिमणी, म्हणजे पासर डोमेस्टिकस, अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडावर आहे; पण ती सगळीकडची मूळ रहिवासी नाही. उत्तर अमेरिकेत ती १८५१-५२च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे माणसांनी सोडली आणि तेथून ती खंडभर पसरली.

पूर्व आणि आग्नेय आशियात गेल्यास वस्तीतील चिमणी बहुधा वेगळी असते. चीन, जपान, व्हिएतनाम येथील शहरांतून घरांच्या कौलांखाली राहणारी चिमणी म्हणजे ट्री स्पॅरो. तिच्या डोक्यावरची टोपी संपूर्ण तांबूस-तपकिरी असते, गाल पांढरे असतात आणि त्या पांढऱ्या गालावर मधोमध एक काळा ठिपका असतो. हीच जात युरोपात शहर सोडून शेतांच्या आणि वाडग्यांच्या आसऱ्याने राहते, कारण तेथील शहरांतील जागा घरचिमणीने व्यापलेली आहे. अमेरिकेत १८७० साली सेंट लुईस येथे थोड्या ट्री स्पॅरो सोडल्या होत्या. त्यांचे वंशज आजही त्या शहराच्या आसपासच्या प्रदेशातच आहेत, घरचिमणीसारखे खंडभर पसरलेले नाहीत. एकाच वंशातील या दोन पक्ष्यांची नशिबे इतकी वेगळी का झाली असतील, असा विचार मनात घेऊन त्यांच्याकडे पाहिले, की पाहण्याला निराळी धार येते.

भूमध्य समुद्राच्या भोवती स्पॅनिश स्पॅरो भेटते. तिच्या नराची टोपी तांबूस, छाती काळीभोर आणि कुशींवर काळ्या रेघा असतात. इटलीत मात्र जी चिमणी दिसते ती इटालियन स्पॅरो. घरचिमणी आणि स्पॅनिश स्पॅरो यांच्या जुन्या संकरातून स्थिरावलेली ही जात आहे, आणि तिच्या नराकडे पाहताना दोन्ही पूर्वजांच्या खुणा खरोखरच दिसतात. हिमालयाच्या उतारांवर रसेट स्पॅरो आहे, तिचा नर पाठीवर तांबूस-केशरी असतो आणि त्याच्या गालावर ठिपका नसतो. सिंधू नदीच्या खोऱ्यात, पाण्याकाठच्या झुडपांत, घरचिमणीची लहान प्रत वाटावी अशी सिंध स्पॅरो राहते. दक्षिण आफ्रिकेतील केप स्पॅरोच्या नराचे डोके काळे असून त्यावर रुंद पांढरी कमान असते. केप व्हर्दी बेटांवर तेथीलच इयागो स्पॅरो आहे. चार्ल्स डार्विन १८३२ साली बीगल जहाजावरून तेथे उतरला, तेव्हा त्याने या पक्ष्याचे नमुने गोळा केले होते.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तेथे साँग स्पॅरो, व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो, चिपिंग स्पॅरो अशी नावे असलेले जे पक्षी आहेत ते आपल्या चिमणीच्या कुळातले नाहीत; त्यांचे कुळ स्वतंत्र आहे. त्यांच्या सवयीही निराळ्या असतात. त्यांतील अनेक पक्षी झुडपाखालच्या पाचोळ्यात दोन्ही पायांनी एकदम मागे उडी मारून पाने उकरतात आणि खाली दडलेले दाणे-किडे टिपतात. युरोपात पूर्वी ‘हेज स्पॅरो’ म्हटला जाणारा डनक हाही चिमणी नव्हे. त्याची बारीक, टोकदार चोच पाहिली की ते लगेच कळते.

ईबर्ड या संकेतस्थळावर एखाद्या ठिकाणाच्या कोणत्या महिन्यात कोणते पक्षी नोंदवले गेले आहेत ते पाहता येते. पक्षी ओळखण्यास मदत करणाऱ्या मर्लिन या अ‍ॅपमध्ये त्या प्रदेशाचा पक्षिसंच निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावा, म्हणजे नेटवर्क नसलेल्या ठिकाणीही तो चालतो.

सामान: थोडे, पण विचारपूर्वक

आधी दुर्बीण घ्यावी आणि मग कॅमेरा. कॅमेऱ्यातून पाहणारा माणूस छायाचित्राच्या मागे लागतो आणि पक्षी काय करत आहे हे त्याच्या नजरेतून निसटते. चिमणीसाठी ८×३२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. ती हलकी असते आणि तिचे दृश्यक्षेत्र रुंद असल्यामुळे उड्या मारणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग सोपा जातो. खरेदी करताना ती किती जवळच्या वस्तूवर फोकस होते, हे आवर्जून पाहावे. चिमण्या अनेकदा दोन-तीन मीटरवर येऊन उतरतात, आणि चार मीटरच्या आत काहीच स्पष्ट न दिसणारी दुर्बीण नेमक्या त्या क्षणी निरुपयोगी ठरते.

लेन्सबाबत नुसत्या सल्ल्यापेक्षा थोडे गणित उपयोगी पडेल. १५ सेंटिमीटर लांबीची चिमणी ५ मीटरवर असेल आणि लेन्स ४०० मिलिमीटरची असेल, तर फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ती चौकटीच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापते. त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सर असल्यास निम्म्याहून थोडी अधिक. अंतर दुप्पट झाले, की हे प्रमाण निम्म्यावर येते. याचा अर्थ असा, की अवजड आणि महागड्या ६०० मिलिमीटर लेन्सने जे साधते ते चिमणी आपल्या जवळ येऊ दिल्यानेही साधते, आणि चिमणी ही जवळ येणाऱ्या पक्ष्यांपैकी आहे. प्रवासासाठी १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स मला सर्वांत सोयीची वाटते. लांब झूम असलेला, लेन्स न बदलता येणारा कॅमेराही भर उजेडात चांगले काम देतो. केवळ मोबाइल असेल, तर चिमणीचा ‘मोठा’ फोटो काढण्याचा हट्ट सोडावा आणि तिच्या भोवतीचे दृश्य, म्हणजे भिंत, तार, पायऱ्या आणि त्यांवरचा थवा, असे चित्र घ्यावे.

ट्रायपॉड मी नेत नाही. त्याऐवजी रिकामी बीन बॅग, म्हणजे दाण्यांनी भरायची छोटी कापडी पिशवी, न्यावी, मुक्कामी पोहोचल्यावर ती कोणत्याही धान्याने भरावी आणि परतताना रिकामी करावी. जमिनीवर, कठड्यावर किंवा गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. विमानाने जाताना सुटे लिथियम बॅटरी संच आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात, हे बांधाबांध करतानाच लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यातील घड्याळ त्या ठिकाणच्या वेळेनुसार लावणे हे काम पोहोचल्याबरोबर करावे. ते राहून गेले, तर ‘थवा किती वाजता आला’ याची छायाचित्रांतून मिळणारी सारी माहिती चुकीची ठरते.

पहिला दिवस: जागा शोधण्याचा

पहिल्या दिवशी छायाचित्रे काढण्याची अपेक्षा ठेवू नये. सूर्योदयाच्या सुमारास बाहेर पडावे आणि कानांनी शोध घ्यावा. नर चिमणा घरट्याच्या तोंडापाशी बसून तासन्‌तास एकसुरी ‘चिर्प, चिर्प’ करत असतो, आणि हा आवाज भिंतीतील भोक, पन्हाळीचा सांधा, वळचण, दिव्याच्या खांबाची पोकळी अशा जागांकडे आपल्याला नेतो. अनेक आवाज एकदम, एखाद्या दाट झुडपातून येत असतील, तर ती थव्याची विसाव्याची जागा समजावी. दुपारच्या वेळी चिमण्या अशा झुडपात शिरून एकत्र बसतात आणि एखाद्या सभेप्रमाणे कलकलाट करत राहतात; कोणी जवळ गेले, की तो एका क्षणात बंद होतो.

जागा निवडताना चार गोष्टी एकमेकींच्या जवळ आहेत का ते पाहावे: दाणे किंवा किडे मिळतील अशी उघडी जमीन, पटकन आत शिरता येईल असे झुडूप, पाणी आणि कोरडी माती. मातीत वाटीएवढे उथळ खळगे दिसले, तर ती धुळीच्या अंघोळीची जागा आहे, आणि तिच्यापाशी बसणाऱ्याला काही ना काही पाहायला मिळतेच. दाट झुडपापासून दोन-तीन मीटरवर उघडी जमीन असलेली जागा सर्वोत्तम, कारण चिमणी आडोशापासून फार दूर जाण्यास नाखूश असते. ती आधी झुडपाच्या वरच्या फांदीवर येते, भोवताली पाहते, मग खालच्या फांदीवर आणि शेवटी जमिनीवर उतरते. हा क्रम ठाऊक झाला, की ती कोठे बसणार आहे हे आधीच सांगता येते.

जागा सापडल्यावर सूर्य कोणत्या वेळी कोणत्या बाजूला असेल, हेही तेथेच उभे राहून पाहून ठेवावे आणि वहीत लिहावे.

दुसरा दिवस: बसणे

थवा येण्याच्या अर्धा तास आधी जाऊन बसावे. उभा राहिलेला माणूस आणि बसलेला माणूस यांत चिमण्या फरक करतात. शक्य असल्यास जमिनीवरच बसावे. कपडे मातकट रंगाचे असावेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हालचाल सावकाश असावी. हात अचानक वर नेणे आणि थेट रोखून पाहत चालत जाणे या दोन गोष्टींनी थवा हमखास उडतो. जवळ जायचेच असेल, तर सरळ रेषेत जाऊ नये, तिरके जावे, मधून मधून थांबावे आणि नजर दुसरीकडे ठेवावी.

पहिला थवा आपल्याला पाहून उडाला, तर उठून जाऊ नये. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत एखादा नर परत येतो, त्याला काही धोका वाटला नाही, की दोन माद्या येतात आणि मग बाकीचा थवा एकदम उतरतो. ही वीस मिनिटे हीच या सगळ्या पद्धतीची किंमत आहे. ती न मोजता दहा जागा फिरणाऱ्याला दहा ठिकाणी उडत जाणाऱ्या चिमण्यांच्या पाठी दिसतात.

दाणे टाकून बोलावण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण टाकलेल्या खाण्यावर तुटून पडलेला थवा एकच गोष्ट करतो आणि आपल्याला त्याच त्या मुद्रेची छायाचित्रे मिळतात. शिवाय काही ठिकाणी पक्ष्यांना खाणे घालण्यास बंदी असते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून बोलावणे तर विणीच्या काळात सरळ त्रासदायक आहे. तो आवाज ऐकून आपल्या जागेवर परका नर आला आहे असे समजून पक्षी अस्वस्थ होतो.

काय पाहावे: नर, मादी, पिल्लू आणि ऋतू

घरचिमणीचा नर ओळखणे सोपे आहे: राखाडी टोपी, तिच्या दोन्ही बाजूंनी मानेपर्यंत जाणारा तांबूस-तपकिरी पट्टा आणि गळ्याखालचा काळा डाग. पण तो डाग वर्षभर सारखा दिसत नाही, आणि मला चिमणीच्या साऱ्या पिसाऱ्यात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. वीण संपल्यावर चिमण्या सारी पिसे बदलतात. नव्या काळ्या पिसांची टोके फिकट राखाडी असतात, त्यामुळे नराचा गळा अंधूक, धूळ बसल्यासारखा दिसतो. पुढच्या महिन्यांत ही टोके झिजतात आणि विणीचा हंगाम येईपर्यंत खालचा काळा रंग पूर्ण उघडा पडतो. म्हणजे नवी पिसे न येताच, केवळ झीज होऊन, नर सजतो. त्याच सुमारास त्याची चोच पिवळसर-करड्या रंगावरून काळी होते. दुर्बिणीतून नराची चोच आणि गळा पाहून तेथील वीण सुरू आहे की संपली आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

मादीकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. डोळ्यामागून जाणारी फिकट भुवई, पाठीवरच्या गडद तपकिरी आणि मातकट रेघा, पंखावरची आडवी फिकट पट्टी यांची रचना सकाळच्या तिरक्या उन्हात विलक्षण नाजूक दिसते. जातीच्या ओळखीसाठी मात्र ती अवघड आहे. घरचिमणीची आणि स्पॅनिश स्पॅरोची मादी नुसते पाहून खात्रीने वेगळी सांगता येत नाही, तेव्हा सोबतचा नर पाहावा आणि तरीही शंका राहिली, तर नोंदीत तसे लिहावे. सुगरणीची मादीही चिमणीच्या मादीसारखी वाटते. तिची चोच अधिक जाड आणि शेपूट अधिक आखूड असते. ट्री स्पॅरोमध्ये नर-मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे थव्यात ‘सगळे नरच कसे?’ असा प्रश्न पडला, तर गालावरचा ठिपका शोधावा.

घरट्याबाहेर पडलेले पिल्लू मादीसारखे दिसते, पण चोचीच्या कोपऱ्याशी फिकट पिवळी, मांसल कड असते आणि पंख थरथरवत ते मोठ्यांच्या मागे लागलेले असते. अशी पिल्ले जमिनीवर एकटी दिसली, तरी आईबाप बहुधा जवळच असतात. त्यांना उचलू नये.

वागणुकीत दोन दृश्यांची वाट पाहावी. एक म्हणजे तीन-चार नरांनी एका मादीभोवती पंख पाडून, शेपूट उभारून मोठ्याने कलकलाट करत घातलेला घेराव. मादी चोचीने प्रतिकार करते आणि थोड्याच वेळात सारे शांत होते. दुसरे म्हणजे धुळीची अंघोळ. चिमणी आधी चोचीने माती टोचते, मग छाती खाली टेकून पायांनी खळगा करते, पंख फडफडवून धूळ पाठीवर उडवते आणि डोके खळग्याच्या कडेला घासते. मी एकदा पोटावर पडून, तीन मीटरवरून हे पाहत होतो. धुळीचा लोट बसल्यावर मादीच्या पापण्यांवर मातीचे कण दिसले, तिने अंग फुलवले आणि एकेक पीस उभे झाले, इतके की ती क्षणभर दुप्पट झाली. एवढ्यात दुसरी मादी तिला ढकलून त्याच खळग्यात शिरली, शेजारचे तीन खळगे रिकामे असताना.

छायाचित्र: उंची, उजेड, डोळा

चिमणीच्या छायाचित्रात सर्वाधिक फरक पडतो तो उंचीने. उभ्या माणसाने खाली पाहून काढलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ आणि फरशी दिसते. लेन्स चिमणीच्या डोळ्याच्या पातळीवर आणली, की पार्श्वभूमी दूर जाते, धूसर होते आणि पक्षी तिच्यातून उठून येतो. त्यासाठी जमिनीवर पोटावर पडावे किंवा कॅमेऱ्याचा पडदा वर वळवून, कॅमेरा जमिनीलगत बीन बॅगवर ठेवून वरून पाहावे. पक्षी कठड्यावर किंवा तारेवर असेल, तर उलट आपणच पायरीवर, गच्चीवर चढून त्याच्या पातळीला जावे.

उजेड सकाळच्या पहिल्या दोन तासांचा सर्वांत चांगला. सूर्य आपल्या पाठीमागे, जरासा एका बाजूला असावा. येथे चिमणीची एक खास अडचण येते. नराचा डोळा गडद असतो आणि त्याच्याभोवतीची, चोचीपर्यंतची पिसेही काळी असतात. त्यामुळे डोळ्यात उजेडाचा ठिपका पडला नाही, तर डोळा चित्रातून नाहीसाच होतो. चिमणा सतत मान वळवत असतो, तेव्हा त्याच्या मानेकडे लक्ष ठेवावे आणि डोके उजेडाकडे वळून डोळ्यात ती चमक दिसेल, त्याच वेळी बटण दाबावे. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस असेल, तरी काळ्या डागामुळे तो कधी कधी चोचीवर किंवा छातीवर अडकतो. अशा वेळी लहान, एकच फोकस बिंदू निवडून तो स्वतः डोळ्यावर ठेवावा.

आता आकडे. बसलेल्या चिमणीसाठी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, १/५०० सेकंद पुरतो, पण बसलेली चिमणीही डोके इतक्या झटक्याने फिरवते, की मी १/१००० च्या खाली सहसा जात नाही. धुळीची अंघोळ आणि भांडणे यांसाठी १/२५००, उडण्यासाठी १/३२०० ठेवावा. ४०० मिलिमीटर लेन्सवर ५ मीटर अंतरावर लेन्सच्या छिद्राचे माप एफ ५.६ ठेवल्यास फुल फ्रेम कॅमेऱ्यात साधारण ५ सेंटिमीटर इतकाच भाग स्पष्ट येतो. पक्षी आडवा असेल, तर तेवढे पुरते. तो आपल्याकडे तोंड करून असेल, तर डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर येईल. दोन पक्षी एका चौकटीत हवे असतील, तर एफ ८ किंवा त्याहून लहान छिद्र निवडावे आणि दोघे लेन्सपासून सारख्याच अंतरावर येण्याची वाट पाहावी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, स्वयंचलित ठेवून त्याची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० अशी ठरवून द्यावी. चित्र थोडे रवाळ आलेले चालते, हललेला डोळा दुरुस्त करता येत नाही.

पांढऱ्या भिंतीसमोर बसलेली चिमणी कॅमेरा गडद करून टाकतो. तेथे उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) अर्धा ते एक स्टॉप वाढवावी; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. गडद झुडपासमोर ट्री स्पॅरो असेल, तर उलट ती कमी करावी, अन्यथा पांढरे गाल जळून जातात आणि त्यांतील पिसांची रेषा कायमची हरवते. काळा गळा आणि पांढरा गाल शेजारी शेजारी असल्यामुळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात टिपणे फायद्याचे आहे.

उडणारी चिमणी टिपायची असेल, तर तिच्या मागे लेन्स फिरवण्यात वेळ घालवू नये. उडण्याआधी ती पिसे अंगाशी चापून बसते, किंचित खाली वाकते आणि शेपटीला झटका देते. ही खूण दिसताच सलग छायाचित्रे घेण्यास सुरुवात करावी. घरट्याकडे येणारा पक्षी मात्र नेहमी जवळपास त्याच वाटेने येतो, पण त्या मोहाबद्दल पुढे लिहिले आहे.

भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून येणाऱ्या हवेच्या लहरींमुळे उत्तम लेन्सनेही चित्र विरघळल्यासारखे येते. त्या वेळी कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बिणीने झुडपातला थवा पाहावा. थंड खोलीतून एकदम दमट हवेत कॅमेरा काढल्यास काचेवर बाष्प जमते, म्हणून निघण्याआधी तो बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. खिडकीच्या आतून टिपायचे असेल, तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवावी आणि काचेशी काटकोनात धरावी.

घरट्यापाशी

विणीच्या काळात पिल्लांना मुख्यतः किडे आणि अळ्या भरवल्या जातात, आणि आईबाप दिवसभर ये-जा करत असतात. एकदा एका भिंतीच्या भोकासमोर मी सहा मीटरवर उभा होतो. नर हिरवी अळी चोचीत धरून तारेवर आला आणि आत न जाता तेथेच बसला. मला वाटले, की तो विसावा घेत आहे. तो मिनिटामिनिटाला जागा बदलत होता, शेपूट उडवत होता, अळी मात्र चोचीतच होती. मी बारा पावले मागे सरलो आणि पाठ वळवण्याआधीच तो भोकात शिरला. तो तेवढा वेळ पिल्ले माझ्यामुळे उपाशी राहिली, हे मला आजही खुपते.

म्हणून नियम असा: चोचीत खाणे असलेला पक्षी घरट्यात जायला कचरत असेल, किंवा भराभर ‘चर्र’ असा धोक्याचा आवाज काढत असेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजून ताबडतोब मागे सरावे, आणि पक्षी निर्धास्तपणे ये-जा करू लागेल ते अंतर त्या दिवसापुरते आपले अंतर मानावे. घरट्यासमोरची फांदी वाकवू नये, भोकात फ्लॅश किंवा मोबाइल घालू नये. अंडी आणि पिल्ले यांचे छायाचित्र प्रवाशाने काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसांच्या मध्ये

चिमणी माणसांच्या घराशेजारी राहते, त्यामुळे तिच्यावर रोखलेली लेन्स बऱ्याचदा कोणाच्या तरी खिडकीवरही रोखलेली असते. आधी जाऊन विचारावे, दुर्बीण हातात द्यावी, कॅमेऱ्यातील चित्र दाखवावे. परवानगी तर मिळतेच, पण थवा कोठे झोपतो हे त्या घरातल्या माणसाला ठाऊक असते आणि आपली एक संध्याकाळ वाचते. रेल्वे स्थानके, विमानतळ, बंदरे, सैनिकी इमारती आणि सीमेलगतचा प्रदेश येथे छायाचित्रणावर निर्बंध असू शकतात. तेथे चिमणी कितीही सुंदर बसली असली, तरी आधी नियम विचारून घ्यावेत.

नोंद

प्रत्येक बैठकीची नोंद तेथेच करावी: तारीख, वेळ, जागा, नर, मादी आणि पिल्ले यांची स्वतंत्र संख्या, नराच्या चोचीचा रंग आणि त्या वेळी थवा काय करत होता. ‘पुष्कळ’ असे लिहू नये, मोजावे. उडणारा थवा मोजणे कठीण असते, म्हणून जमिनीवर उतरलेला असताना पाच-पाचच्या गटांनी मोजावा. आकडा शून्य असला, तरी लिहावा. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून घरचिमण्या निम्म्याहून अधिक घटल्या, हे कळू शकले ते या सामान्य समजल्या जाणाऱ्या पक्ष्याची संख्या वर्षानुवर्षे कोणीतरी मोजत होते म्हणून. ईबर्डवर यादी भरताना चिमणी गाळू नये, आणि छायाचित्र सार्वजनिक करताना घरट्याचे नेमके स्थान काढून टाकावे.

शेवटच्या संध्याकाळी कॅमेरा खोलीत ठेवून रातथाऱ्याच्या झाडापाशी जावे. सूर्यास्ताच्या आधी चिमण्या लहान लहान तुकड्यांनी येऊ लागतात, फांदीवरच्या जागेसाठी भांडतात, एक उडते आणि दुसरी तिच्या जागी बसते. आवाज वाढत जातो, इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग अंधार दाटतो, आवाज एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर विझत जातो, आणि बहुधा एखादाच चिमणा थोडा वेळ ‘चिर्प, चिर्प’ करत राहतो. तो थांबला, की घड्याळ पाहून ती वेळ वहीत लिहावी.